‘भीमराव’चे तीन तुकडे

रविवारी वंदना झाली की दाभोळच्या आमच्या बौद्धवाडीतल्या विहारात संगणकाचा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे फार काही नाही. तीन लॅपटॉप, त्यातले दोन मुंबई मंडळातल्या चाकरमान्यांनी जुने झाले म्हणून दिलेले, आणि सात-आठ पोरं. पावसात लाइट गेली की वर्ग संपतो. मी संगणकाचा माणूस नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलं, तेव्हा आशय विश्लेषणासाठी वर्तमानपत्रांची कात्रणं पुढ्यात घेऊन पेन्सिलीने शब्द मोजले होते. अत्याचाराच्या बातमीत ‘दलित’ या शब्दाच्या आजूबाजूला कोणते शब्द येतात, एवढंच मोजायला दोन महिने गेले. हे काम संगणक काही सेकंदांत करतो हे पुढे कळलं. मग अडखळत पायथॉन शिकलो आणि जेवढं आलं तेवढं पोरांना द्यायला लागलो.

मागच्या पावसाळ्यात वाक्यातले शब्द सुटे कसे करायचे ते दाखवत होतो. उदाहरण म्हणून टाइप केलं, ‘भीमराव रामजी आंबेडकर’. एंटर दाबलं. पडद्यावर आलं: भ, मर, व. त्याखाली र, मज. त्याखाली आ, ब, डकर.

पोरं आधी हसली. मग बारावी झालेली एक मुलगी हळूच म्हणाली, “दादा, मधे ‘मर’ आलंय बघा.”

चूक माझी होती. इंग्रजी पुस्तकातलं उदाहरण मी जसंच्या तसं उतरवलं होतं. शब्द ओळखण्यासाठी त्या पुस्तकांत एक खूण वापरतात, बॅकस्लॅश आणि डब्ल्यू. पायथॉनच्या नेहमीच्या ‘आरई’ मॉड्यूलला ही खूण दिली की ते अक्षरं आणि अंक एकत्र धरतं, बाकी दिसेल तिथे तोडतं. पण युनिकोडच्या वर्गवारीत आपला काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार ही ‘अक्षरं’ नाहीत, जोडून येणारी ‘चिन्हं’ आहेत. म्हणून प्रत्येक काना-वेलांटीपाशी शब्द तुटतो. इंग्रजीला काना-वेलांटी नाही, त्यामुळे तिथे काहीच तुटत नाही आणि पुस्तक लिहिणाऱ्याला हे कधी दिसतही नाही. घरी करून बघा, एका मिनिटाचं काम आहे.

यावर तोडगा सोपा आहे. मला तो शोधायला मात्र तीन रविवार लागले, कारण तो मराठी वाचकासाठी कुठे लिहून ठेवलेला मला सापडला नाही. ‘ओपन सोर्स’ म्हणजे ज्याचा कोड कुणीही बघावा, वापरावा, बदलावा असं सॉफ्टवेअर. फुकट आहे, खुलं आहे, कुणाला जात-धर्म विचारत नाही, असं आपण ऐकतो, आणि ते खरंही आहे. पण ते कसं वापरायचं हे सांगणारं लिखाण, ज्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात, ते कुणासाठी लिहिलंय हे कुणी विचारत नाही. विहिरीला कुंपण नाही, पण रहाट आणि दोर मोजक्यांच्याच अंगणात ठेवलाय, अशी ही अवस्था आहे.

दाभोळच्या माणसाला कागदाची ताकद वेगळी सांगायला नको. आमच्या गावाचं नाव जगभर गेलं ते ‘दाभोळ पॉवर कंपनी’मुळे. प्रकल्प खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या बाजूला. नाव मात्र आमचं. 1993 च्या डिसेंबरात वीज मंडळाने एन्रॉनच्या या कंपनीशी वीज खरेदी करार केला. करार इंग्रजीत, किचकट, आणि सुरुवातीला तर लोकांपासून लपवलेला. पुण्याच्या ‘प्रयास’ने त्यातला हिशेब उलगडून दाखवला, तेव्हा ही वीज केवढ्याला पडणार याची बाहेर चर्चा झाली. 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच डिसेंबरात एन्रॉनचं दिवाळं निघालं. त्याआधीची आठवण काढायची तर खोताची वही आहेच. कुळाने किती दिलं आणि किती राहिलं हे वहीत होतं, आणि वही खोताच्या घरात होती. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, ते याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुळांचं दुखणं घेऊन. म्हणजे कागद असून भागत नाही. तो कुणाच्या भाषेत आहे आणि कुणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं.

आता ज्या टूलकिटमुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. त्याचं नाव एनएलटीके, म्हणजे नॅचरल लँग्वेज टूलकिट. भाषेवर काम करण्यासाठी पायथॉनमध्ये बनवलेल्या हत्यारांची ही पेटी. 2001 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टीव्हन बर्ड आणि एडवर्ड लोपर यांनी ती सुरू केली, शिकवण्यासाठीच. 2009 मध्ये त्यावरचं पुस्तक आलं, आणि लेखकांनी ते इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलं. मी त्यातूनच शिकलो, त्यामुळे कृतघ्नपणे बोलणार नाही. यातले बर्ड तर आज ऑस्ट्रेलियात आदिवासी भाषांसोबत काम करतात. माणसांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं काहीच कारण नाही. पण आपण हेतूंवर थांबत नाही, रचना तपासतो. चळवळीने एवढं तरी शिकवलंय.

पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात नऊ मजकूर उघडायला सांगितलेत. पहिला ‘मोबी डिक’. मग जेन ऑस्टिनची कादंबरी, बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक, अमेरिकेच्या अध्यक्षांची शपथविधीची भाषणं, वॉल स्ट्रीट जर्नल, एका ब्रिटिश विनोदी सिनेमाची संहिता. पहिला प्रयोग कोणता, तर ‘मोबी डिक’मध्ये ‘मॉन्स्ट्रस’ हा शब्द कुठे कुठे येतो ते पाहा. गंमत अशी की ही कादंबरी देवमाशाच्या शिकारीची आहे आणि आमचा वर्ग मासेमारीच्या बंदरात भरतो. तरीही पोरांना त्यातलं काही कळत नाही, कारण आधी इंग्रजी, मग एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी, मग कोड, असे तीन डोंगर एकदम समोर. अमेरिकन विद्यार्थ्याला फक्त शेवटचा डोंगर चढायचा असतो. आणि मग निकाल लागल्यावर आपण म्हणतो की त्याच्यात मेरिट आहे.

याच पेटीत मराठीचाही एक संच आहे, हे फार कुणाला माहीत नसतं. भारतीय भाषांचा एक छोटा कप्पा आहे, त्यात बंगाली, हिंदी, तेलुगूच्या बरोबरीने मराठी वाक्यं आहेत, प्रत्येक शब्दाला नाम, क्रियापद अशी चिठ्ठी लावलेली. म्हणजे आपली भाषा कच्चा माल म्हणून आत आहे, वाचक म्हणून नाही. कोकणातल्या माणसाला हे नातं ओळखीचं वाटेल.

बरं, मग आपणच त्या पुस्तकाचं मराठी भाषांतर करून टाकू, असं एक पोरगा तावातावाने म्हणाला. मलाही तसंच वाटलं होतं. मग लायसन वाचलं. एनएलटीकेचा कोड अपाची 2.0 या लायसनखाली आहे, म्हणजे घ्या, बदला, वाटा. पण त्याचं डॉक्युमेंटेशन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा लायसनखाली आहे ज्यात नाव द्यायचं, धंदा करायचा नाही, आणि बदल करून वाटायचं नाही. भाषांतर हा या हिशेबात बदलच धरला जातो. म्हणजे यंत्र उघडून त्याचे स्क्रू बदलायची मुभा आहे, पण यंत्र कसं चालतं हे सांगणारं पान आपल्या भाषेत करून परवानगीशिवाय वाटायची नाही. लेखकांना लिहून परवानगी मागता येते, आणि मागावीही. पण हे माहीत नसताना आपल्या तरुणांनी सहा महिने खपून भाषांतर करावं आणि नंतर ते बाजूला ठेवावं लागावं, हे होऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. कुठल्याही टूलकिटला हात घालण्याआधी कोडचं लायसन आणि लिखाणाचं लायसन, दोन्ही वेगवेगळी बघा. ती एकच असतात असं गृहीत धरू नका.

आणि खरं सांगायचं तर या अडचणीने आमचं भलंच केलं. भाषांतर केलं असतं तर ‘मोबी डिक’ मराठीत आलं असतं आणि ‘भीमराव’चे तुकडे तसेच राहिले असते. ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं, मालकी असते ती त्या विशिष्ट वाक्यांची. तेव्हा आपली वाक्यं आपणच लिहायची, उदाहरणंही आपली घ्यायची. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ 1873 ची, ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 चा. दोन्ही केव्हाच सर्वांच्या मालकीची झालीत. बाबासाहेबांच्या हयातीत छापल्या गेलेल्या त्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट 2016 अखेर संपला. ‘मूकनायक’च्या अग्रलेखांत ‘स्वराज्य’ हा शब्द कुठे कुठे आणि कोणत्या शब्दांशेजारी येतो, हा प्रयोग दाभोळच्या पोराला करायला द्या. मग बघा त्याला कोड समजावून सांगावा लागतो का!

इथे कुणी म्हणेल, एका टूलकिटच्या मदतपुस्तिकेत हा जात कुठून आणतोय? तर हे बघा. गिटहब या कंपनीने 2017 मध्ये ओपन सोर्समधल्या सुमारे साडेपाच हजार लोकांचं सर्वेक्षण केलं. त्यातल्या 93 टक्के लोकांनी सांगितलं की डॉक्युमेंटेशन अपुरं किंवा जुनं असणं ही अडचण त्यांना दिसते. आणि हातभार लावणाऱ्यांपैकी 60 टक्के म्हणाले की डॉक्युमेंटेशनसाठी ते क्वचितच काही करतात किंवा काहीच करत नाहीत. सगळ्यांना हवं असलेलं काम कुणीच का करत नाही? कारण त्या कामाला मान नाही. कोड लिहिणारा वर, चुका शोधणारा त्याच्या खाली, समजावून लिहिणारा त्याच्याही खाली. कामाची अशी उतरंड कुठे पाहिली आहे हे या पानाच्या वाचकाला विचारायची गरज नाही. जात ही श्रमाचीच नाही तर श्रमिकांचीही विभागणी आहे हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडून ठेवलंय. सॉफ्टवेअरमधली उतरंड म्हणजे जात आहे असं मी म्हणत नाही, तिथे जन्माने कुणी बांधलेला नाही. पण समजावून सांगण्याच्या कामाला हलकं मानायची सवय आणि ज्ञान आपल्यापुरतं ठेवायची सवय या सख्ख्या बहिणी आहेत.

या सर्वेक्षणातली आणखी एक गोष्ट माझ्या कामाची होती. जवळपास चौथा हिस्सा लोकांनी कबूल केलं की त्यांचं इंग्रजी वाचणं-लिहिणं फारसं पक्कं नाही. हे आधीच आत पोचलेल्यांचं बोलणं. जे दारावरूनच परत फिरले त्यांना कोण विचारणार?

आता सगळ्यात अवघड आक्षेप, आणि तो बाहेरून नाही, आपल्यातूनच येतो. इंग्रजी हेच आपलं मुक्तीचं साधन आहे, आणि तू पोरांना पुन्हा मराठीच्या खुराड्यात घालतोयस, असं एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला तोंडावर सांगितलं. हा आक्षेप हलका नाही. चंद्रभान प्रसाद यांनी 2010 मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यात इंग्रजी देवीचं मंदिर उभारायला घेतलं, त्यामागे हाच विचार होता. मातृभाषेचे गोडवे गाणाऱ्या किती जणांची स्वतःची मुलं मराठी शाळेत आहेत, हा प्रश्न मीही विचारतो. मराठीत शिका, असं आपल्या पोरांना सांगून वरच्यांनी इंग्रजीची वाट स्वतःकडे ठेवायची, हा डाव जुना आहे.

पण बाबासाहेबांनी काय केलं ते बघा. जगाशी वाद घालायचे ग्रंथ इंग्रजीत लिहिले, आणि ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ ही पत्रं मराठीत चालवली. दोन्ही एकाच माणसाने, एकाच हेतूने. शिवाय पाली भाषेचा कोश त्यांनी केला, पालीला इंग्रजी, मराठी, गुजराती, हिंदी असे चार भाषांचे प्रतिशब्द देत. सरकारने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात तो आहे, उघडून बघा. एवढा मोठा विद्वान, देह थकलेला, आणि बसून कोश करतोय! कारण त्यांना ठाऊक होतं की धम्म हाती द्यायचा तर त्याची किल्लीही हाती द्यावी लागते.

विनयपिटकात एक प्रसंग येतो. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भगवंतांना म्हणतात, लोक आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतायत, आम्ही ते छंदस् भाषेत बसवतो. बुद्ध साफ नकार देतात आणि वचन आपापल्या बोलीत शिकायची मुभा देतात. पुढे बुद्धघोषाने ‘आपली बोली’ म्हणजे मागधीच असा अर्थ लावला, तो वाद पंडितांनी करावा. मला त्या नकाराचं महत्त्व वाटतं. शुद्धतेच्या नावाने येणाऱ्या सोयीला दिलेला नकार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पहिली पायरी मराठीत, आणि त्या पायरीवर उभं राहून इंग्रजी. कोडमधले शब्द इंग्रजीतच ठेवायचे, कारण पुढे नोकरीला, परीक्षेला, जगाला तेच लागणार. समजावणं मात्र आपल्या बोलीत. इथे दुसरा खड्डा आहे तो शुद्ध मराठीचा. ‘व्हेरिएबल’ला ‘चल’ आणि ‘फंक्शन’ला ‘फल’ असं छापलेलं मी पोरांसमोर ठेवून पाहिलंय. ‘चल’ म्हटल्यावर एक जण खरोखरच चप्पल घालायला उठला. आम्ही आता ‘व्हेरिएबल’च म्हणतो आणि सांगतो की नाव चिकटवलेला डबा आहे, आतला जिन्नस बदलता येतो. ‘डिक्शनरी’ समजावताना बंदरावरच्या लिलावाची वही काढतो: होडीच्या नावापुढे तिचा माल. इंग्रजीची मक्तेदारी जाऊन तिथे संस्कृताळलेल्या मराठीची आली तर आपण काय कमावलं?

आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ आहेत, मराठीत आवाज दिलेले आहेत, फुकट आहेत, ते जरूर वापरा. आम्हीही वापरतो. पण व्हिडिओत अडलेला शब्द शोधता येत नाही, ओळ उचलून चिकटवता येत नाही, आणि आमच्याकडे नेटवर्क टेकडीवर गेल्याशिवाय नीट मिळत नाही. लिहिलेलं पान मोबाइलवरून पुढे पाठवता येतं, छापून भिंतीला लावता येतं.

शब्द लिहिणाऱ्यांनी बदलले तर बदलतात, हेही ध्यानात ठेवा. डेटाबेसच्या दुनियेत ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’, मालक आणि गुलाम, हे शब्द वर्षानुवर्षं बिनदिक्कत चालत होते. 2014 मध्ये जँगोने आपल्या डॉक्युमेंटेशनमधून ते काढले, 2018 मध्ये पायथॉननेही बऱ्याच जागी बदलले. कुणीतरी बदल सुचवला, त्यावर कडाक्याचं भांडण झालं, आणि बदल झाला. ‘गुलामगिरी’ हे नाव पुस्तकाला देऊन ते अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण करणाऱ्या जोतीरावांचे आपण वारस. त्या भांडणात आपला आवाज किती होता?

आमच्या वर्गात सध्या एक साधी वही फिरते. तिच्यावर लिहिलंय ‘अडलं तिथं’. ज्याला जिथे अडेल त्याने तारीख घालून लिहायचं: काय टाइप केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. ज्याला येतं त्याला अडलेली जागा आठवत नाही, म्हणून नुकताच शिकलेलाच चांगलं लिहू शकतो. तज्ज्ञाची वाट बघत बसू नका. या वहीतूनच पानं तयार होतात, आणि ती आम्ही कुणालाही बदलून वाटता येतील अशा लायसनखाली ठेवणार आहोत. ज्या चुका मूळ टूलकिटपर्यंत जायला हव्यात त्या चार ओळींच्या इंग्रजीत, छोट्या उदाहरणासह कळवायच्या. चार ओळींचं इंग्रजी आपल्या पोरांना येतं, आणि उत्तर आलं की पुढच्या वेळी आठ ओळींचं येतं. जयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डीजेचा खर्च वाचवला तर जुने पाच लॅपटॉप येतात, हे मी मंडळाच्या बैठकीत मांडलंय. अजून मंजूर झालेलं नाही.

पहिलं पान त्या बारावीच्या मुलीनेच लिहिलं. मथळा तिचाच: ‘भीमराव अखंड कसा ठेवायचा’. त्यात तिने सांगितलंय की बॅकस्लॅश-डब्ल्यू सोडा आणि देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा, 0900 ते 097एफ, थेट लिहा, म्हणजे काना-वेलांटी शब्दासोबत राहते. खाली दोन पडदे, आधीचा आणि नंतरचा.

ते पान अजून अपुरं आहे. मागच्या रविवारी आम्ही जोतीरावांच्या पुस्तकाच्या नावावर प्रयोग केला. ‘शेतकऱ्याचा’ या एकाच शब्दाचे दोन वेगवेगळे आकडे आले, आणि एका ठिकाणी तर तो मधोमध तुटला. शोधल्यावर कळलं की हा ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो, नुक्त्याच्या ऱ वरून किंवा र पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे, आणि ते जोडचिन्ह देवनागरीच्या पट्ट्याबाहेरचं. वहीत नोंद झाली आहे. उपाय कुणाला माहीत असेल तर मराठीत लिहून पाठवा.